सगळं करून झालंय

"वन्सं, आत येऊ नका. जरा थांबा."

मोरीचं दार अर्धं लोटलेलं होतं. आतून वैजयंताचा आवाज इतका बारीक आला, की पुढच्या मागांच्या खडखडाटात मला तो आधी ऐकूच आला नव्हता. मी दार ढकललं. माझी भावजय ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. साडी गुडघ्यांपर्यंत भिजलेली, तोंड पिठासारखं पांढरं. मोरीतून वाहणारं पाणी लालभडक.

"कधीपासून बसलीयस अशी?"

"मघापासनं. उठायला गेलं की डोळ्यांपुढं अंधारी येते."

"आज कितवा दिवस?"

ती म्हणाली, "नववा."

मी तिला काखेत हात घालून उठवलं, अंगावर पाणी घातलं, कोरडं नेसवलं. घडी घालून ठेवलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग तिथंच कोपऱ्यात होता. एका वेळी दोन-दोन घड्या घ्यायची ती, खाली प्लॅस्टिकचा तुकडा, आणि तरी तासाभरात सगळं ओलं. मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या मशीनपाशी बसताना ती स्टुलावर गोणपाट अंथरायची, ते कशासाठी हे मला त्या दिवशी कळलं. तोवर वाटायचं, स्टूल टोचत असेल.

इचलकरंजीत आमच्या गल्लीत त्या वेळी घरोघरी माग होते. माझा धाकटा भाऊ मुरलीधर याचे चार होते. तो पुढच्या शेडमध्ये कापड काढायचा आणि वैजयंता मागच्या खोलीत दिवसभर कांड्या भरायची. माझं सासर दोन गल्ल्या पलीकडं. मी पाटणकर डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहात नर्स होते, सतरा वर्षं झाली होती तिथं. त्यामुळं घरात आणि गल्लीत कुणाला काही झालं, की आधी माझ्याकडं. "शैलाक्काला विचारा," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की विचारण्याआधीच उत्तर द्यायची मला सवय लागली होती.

"हे असं केव्हापासून?" मी तिला विचारलं.

"पहिल्यापासनंच. तेराव्या वर्षी आली ती अशीच. आई म्हणायची, आपल्याकडं सगळ्यांचं असंच असतंय, गप सोसायचं. आजी पण अशीच होती म्हणे. अप्पूच्या वेळेपासनं जास्त झालंय."

अप्पू म्हणजे अपूर्वा, तिची मुलगी. तीन वर्षांची होती. वैजयंता एकोणतीस.

दुसऱ्या दिवशी मी तिला पाटणकर बाईंकडं नेलं. बाई ठेंगण्या, तोंडानं कडक, पण पेशंटला दहा प्रश्न विचारल्याशिवाय पेन उचलायच्या नाहीत. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली, रक्त काढलं. हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. मग त्यांनी वैजयंताला विचारलं, "लहानपणी नाकाचा घोळणा फुटायचा का गं?"

"उन्हाळ्यात नेहमी."

"दात-बीत कधी काढलाय?"

"दाढ काढली होती लग्नाआधी. दोन दिवस रक्त थांबलं नव्हतं. उशी भिजली होती."

बाईंनी मान हलवली आणि तिला कपडे करायला पडद्यामागं पाठवलं. ती तिथून पुढं आयाबरोबर वजन करायला गेली. खोलीत आम्ही दोघीच राहिलो.

"शैला, ही पिशवीची भानगड वाटत नाही मला," बाई म्हणाल्या. "पिशवी चांगली आहे हिची. गाठ नाही, सूज नाही. घोळणा, दाढ, आई, आजी. रक्तातच काहीतरी दोष असणार. मिरजेला रक्ताच्या विकारांचे डॉक्टर दर गुरुवारी बसतात. ही चिठ्ठी घे आणि हिला घेऊन जा. तोवर पाळी सुरू झाल्या झाल्या या गोळ्या आणि लोहाच्या रोज. तिला नीट समजावून सांग."

"सांगते बाई."

"आणि हे बघ. एकोणतीस वर्षांची पोर आहे, एकच लेकरू आहे. कुणी पिशवी काढायच्या नादाला लागलं, तर तू आडवी ये."

मी चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. बाहेर आल्यावर वैजयंतानं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"गोळ्या दिल्यात. बरं वाटेल."

एवढंच सांगितलं मी. का, हे पुढं मी स्वतःला अनेकदा विचारलं. गुरुवारी रजा काढावी लागली असती, हे एक. मुरलीच्या मागांवर सणाचं काम होतं आणि कांड्यांना ती हवी होती, हे दुसरं. पण खरं सांगायचं तर मला पटलंच नव्हतं. मला वाटलं, बाईंना अलीकडं साध्या गोष्टीत मोठे रोग दिसायला लागलेत. मी त्या दवाखान्यात शेकडो बायका पाहिल्या होत्या अंगावरून जाणाऱ्या. त्यांतली मीही एक. अडतिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली आणि त्या दिवसापासून मी सुखात होते. जे मला लागू पडलं, ते सगळ्यांना लागू पडतं असंच मी धरून चालले होते.

पुढच्या महिन्यात वैजयंतानं गोळ्या दोन दिवस घेतल्या. तिला मळमळायला लागलं म्हणून सोडून दिल्या. मला ते चार दिवसांनी कळलं. मी म्हटलं, "बरं, राहू देत." बाईंना विचारून दुसरी गोळी देता आली असती. पण त्याच आठवड्यात बाई लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेल्या. दोन महिने दवाखाना बंद.

त्यानंतरच्या पाळीला अकरावा दिवस उजाडला तरी रक्त थांबेना. मी गेले तेव्हा ती मशीनपाशी बसलेलीच होती. हात चालू होते. ओठांना रंग नव्हता.

आमची आई पुढच्या सोप्यात बसली होती. मला बघताच तिनं सुरू केलं, "महिन्यातले पंधरा दिवस ही बाजूला. देवापुढं दिवा लावायला घरात बाईमाणूस नाही. मी कुठवर करू? तुझी पिशवी काढली तशी हिची काढून टाक की. एक लेकरू हाय, ते बास झालं."

मुरली माग बंद करून आला. कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "आक्का, मला यातलं काय कळत नाही. तू म्हणशील तसं."

मी आत जाऊन वैजयंतापाशी बसले.

"वैजू, काढून टाकूया पिशवी. या सगळ्यातून सुटशील."

तिनं मशीन थांबवलं. "मग मूल?"

"मग नाही होणार."

"अप्पूला एक भावंड हवं होतं, वन्सं. मी एकटीच वाढले. मला माहीत हाय ते कसं असतं."

"आधी तू जगली पाहिजेस ना?"

घाबरलेल्या माणसाला असं बोलल्यावर पुढं काही विचारता येत नाही, हे मी दवाखान्यात शिकले होते. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणता तर."

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक नवा दवाखाना झाला होता. सर्जन तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी वैजयंताला तपासलं, माझ्याकडं वळून म्हणाले, "फारच लहान वय आहे. आधी औषधांचा कोर्स पूर्ण करून बघितला का? रक्त गोठण्यासंबंधी कुणी काही तपासलंय?"

पर्स माझ्या मांडीवर होती. चिठ्ठी तिच्यातच होती.

"सगळं करून झालंय, डॉक्टर," मी म्हणाले. "मी स्वतः याच कामात आहे. सतरा वर्षं."

त्यांचं पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी तारीख लिहिली. त्यांनी आपल्या परीनं नेहमीच्या तपासण्या करून घेतल्या, त्या ठीक आल्या. दोन बाटल्या रक्त चढवून तिला ताकद आणली आणि चौथ्या दिवशी ऑपरेशन केलं.

ऑपरेशन एक तासाचं होतं. तिला बाहेर आणलं तेव्हा दोन तास उलटून गेले होते. संध्याकाळी ड्रेसिंग भिजलं. बदललं, पुन्हा भिजलं. तिला परत आत नेलं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "टाके सगळे जागेवर आहेत. तरी रक्त का झिरपतंय ते कळत नाही." मुरली रक्तपेढीत धावला, त्याचे दोन मित्र रक्त द्यायला आले. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला धरून उभी होते. पाटणकर बाईंचं बोलणं मला तेव्हा शब्दन्‌शब्द आठवलं. आत जाऊन सर्जनना सांगायला हवं होतं. दार दहा पावलांवर होतं. मी गेले नाही. जाऊन काय सांगणार होते? की मी खोटं बोलले?

चार बाटल्या गेल्या. पाचवी चालू असताना रक्त हळूहळू थांबलं. तिचं नशीब. नऊ दिवसांनी ती घरी आली.

"शैलाक्का होती म्हणून पोरगी वाचली," गल्लीत सगळे म्हणायला लागले. आईनं माझी दृष्ट काढली. वैजयंता चालतीफिरती झाली तेव्हा तिनं मला जेवायला बोलावलं, पुरणपोळ्या केल्या. फिकट अबोली रंगाची साडी नेसली होती. म्हणाली, "वन्सं, लग्नानंतर पहिल्यांदा असला रंग नेसले बघा. भीतीच वाटायची." आणि हसली. ते हसणं बघून मी स्वतःची समजूत काढली, की झालं ते बरंच झालं.

पाटणकर बाई परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "तुझ्या भावजयीला मिरजेला नेलं होतंस ना? काय निघालं?"

"नेलं होतं. काही निघालं नाही."

"आश्चर्य आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पाच-सहा वर्षांनी त्या वारल्या.

अप्पू मोठी होत गेली. रक्षाबंधनाला ती शेजारच्या पोरांना राख्या बांधायची. वैजयंता ओवाळणीचं ताट धरून उभी राहायची आणि मी तिच्याकडं बघायचं टाळायची.

अप्पू सातवीत असताना एका सकाळी वैजयंता तिला घेऊन माझ्या घरी आली. पोर उंबऱ्यातच खाली बसली. तोंड पिठासारखं पांढरं.

"हिला आली," वैजयंता म्हणाली. "पहिलीच. आज सोळावा दिवस हाय, वन्सं. थांबत नाही. माझ्यासारखंच झालंय हिचं." "हिची पण काढायची का हो?"

मी चप्पल घातली. "नाही. मिरजेला जायचं. आत्ता."

मिरजेच्या दवाखान्यात आता रक्ताच्या डॉक्टर रोज असायच्या, पन्नाशीच्या एक बाई. त्यांनी अप्पूला आत घेऊन सलाइन लावलं, रक्त थांबवायचं औषध दिलं, आणि मग वैजयंताला समोर बसवून विचारायला सुरुवात केली. घोळणा फुटायचा का. दात काढलाय का. बाळंतपणात किती गेलं. आईचं कसं होतं, आजीचं कसं होतं. प्रश्नामागून प्रश्न, आणि प्रत्येकाला वैजयंताचं उत्तर 'हो.' मी बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. मायलेकींचं रक्त तपासायला गेलं. दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं.

"दोघींनाही एकच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त गोठायला लागणारा एक घटक जन्मापासून कमी आहे. वाटतो तेवढा दुर्मीळ नाही हा आजार, पण बायका पाळीचं कुणाला सांगत नाहीत, त्यामुळं कळत नाही. घाबरू नका. पाळीच्या दिवसांत गोळ्या घ्यायच्या. एक मानवली नाही, तर दुसरी असते. दात काढायचा असेल, ऑपरेशन असेल, तर आधी डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे इंजेक्शन देता येतं. शिक्षण, लग्न, मुलंबाळं, हिचं सगळं नीट होईल."

अप्पूनं विचारलं, "मी कबड्डी खेळू?"

"थोडी ताकद भरू दे, मग बघू."

वैजयंताच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर तिचा कागद बघत होत्या. "तुमची पिशवी एकोणतिसाव्या वर्षी काढली. का?"

"रक्त थांबत नव्हतं."

"ऑपरेशनच्या वेळी त्रास झाला?"

"मरता मरता वाचले."

"आणि त्या वेळी ही तपासणी कुणी सुचवली नाही?"

"नाही हो," वैजयंता म्हणाली. "कुणीच नाही. तेव्हा आमच्याकडं कुणाला काय ठाऊक असणार."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला आणि कागद खाली ठेवला.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडबाहेर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथल्या बाकावर आम्ही बसलो. अप्पू रस सांगायला गेली. वैजयंता मोकळी झाल्यासारखी बोलत होती. अप्पूच्या शाळेत काय सांगायचं, गोळ्या डब्यात ठेवायच्या का दप्तरात. मी मध्येच म्हणाले,

"वैजू, सुचवली होती."

"काय?"

"तपासणी. पाटणकर बाईंनी. तू वजन करायला गेली होतीस तेव्हा. हेच मिरजेचं नाव सांगितलं होतं त्यांनी, चिठ्ठी दिली होती. पिशवी काढू देऊ नकोस, असंही मला बजावलं होतं."

मग मी थांबलेच नाही. सर्जनना काय सांगितलं ते सांगितलं. रक्त झिरपत होतं तेव्हा दाराबाहेर उभी राहिले ते. बाई परत आल्यावर काय बोलले ते. सगळं. चरकात ऊस घालणारा माणूस घुंगरं वाजवत होता आणि मी त्या आवाजात, मान खाली घालून, दहा वर्षांचं सगळं तिच्यापुढं ओतत होते.

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आत्ता का सांगितलंत?"

"ओझं होतं गं मनावर. सहन होईना."

"मग आता उतरलं असेल तुमचं."

"वैजू..."

"रागावले नाही मी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा. "इतकी वर्षं मी मनाला सांगत आले, की इलाज नव्हता. करायलाच लागणार होतं. दुसऱ्याची बाळं मांडीवर घेताना, अप्पू एकटीच खेळताना दिसली की, तेवढं एक वाक्य पुरायचं मला. ते पण तुम्ही काढून घेतलंत."

माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं होतं, आणि मागण्याआधीच कळलं, की मी पुन्हा एकदा तिला न विचारता तिच्या पोटातलं काहीतरी काढलं होतं.

अप्पू तीन ग्लास सांभाळत येताना दिसली. वैजयंता घाईघाईनं म्हणाली, "हिला यातलं काही सांगू नका. तिचा तुमच्यावर फार जीव हाय. गोळ्या पण तुम्ही सांगितल्या तरच घेईल." मग तोंडभर हसून लेकीला म्हणाली, "आधी आत्याला दे."

त्यानंतर वरून काहीच बदललं नाही. सणाला बोलावणं यायचं, हळदीकुंकवाला ती माझी ओटी भरायची, 'वन्सं' म्हणायची ती तशीच. अप्पूच्या गोळ्यांचं मी बघितलं. कोणत्या महिन्यात कोणती मानवली, किती कमी झालं, वहीत टिपून मिरजेला नेलं. पोरगी कबड्डी खेळली, पुढं शिकली, पुण्यात नोकरीला लागली. फोनवर सगळं सांगते मला. तिच्या आवाजात तो जुना भरवसा ऐकला, की मला फोन ठेवावासा वाटतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मुरली रस्त्यात भेटला. म्हणाला, "आक्का, वैजूला मिरजेला ठेवलंय. पित्ताशयाचे खडे. काल ऑपरेशन झालं."

"काल? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

तो चपलेकडं बघायला लागला. "तीच म्हणाली, नका सांगू म्हणून. सहा महिने दुखत होतं तिला. मला पण नंतर कळलं. सगळं तिनं एकटीनं केलं. डॉक्टरांना रक्ताचं आधी सांगितलं, इंजेक्शन कधी द्यायचं ते विचारून घेतलं."

मी दुपारच्या गाडीनं गेले. ती खाटेवर टेकून बसली होती, तोंडावर चांगली कळा होती. ड्रेसिंग कोरडं. मला बघून तिनं पाय आखडून जागा केली.

"या, वन्सं. कशाला एवढ्या लांब आलात?"

"बरी आहेस ना? रक्त गेलं का फार?"

"नाही. काहीच नाही."

खाटेवर तिच्या बाजूला दवाखान्याची फाइल पडली होती. चाळीस वर्षांची सवय, माझा हात आपोआप तिकडं गेला. वैजयंतानं फाइल उचलली, शांतपणे उशीखाली सरकवली, उशी नीट केली आणि मला विचारलं,

"चहा घेणार?"